आमच्या कॉम्प्युटरचे बिऱ्हाड

दिवाळीच्या आधी घराची साफसफाई काढायची आणि तिच्यात एखादी धड चाललेली वस्तू बिघडवून ठेवायची, ही आमच्या घराण्याची जुनी परंपरा आहे. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, एका दिवाळीत भिंतीवरच्या घड्याळाला तेल दिले, तर ते पुढे आषाढी एकादशीपर्यंत पावणेचारच दाखवीत होते. २०२५ च्या ऑक्टोबरात ही परंपरा चालवण्याची पाळी माझ्यावर आली, आणि मी कॉम्प्युटर उघडला.

उघडला तो हौसेने नव्हे. आमचे हे यंत्र २०१९ साली घेतलेले. सुरुवातीला ते चांगले चपळ होते. पण अलीकडे त्याची चाल इतकी मंदावली होती, की बटण दाबून चहाचे आधण ठेवावे, चहा प्यावा, कप विसळून पालथे घालावेत, तेव्हा कुठे पडद्यावर चित्र उमटे. त्यात आतून मधूनमधून 'कट् कट्' असा आवाज येऊ लागला. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आत उंदीर तर नाही ना शिरला?" उंदीर परवडला असता. आवाज हार्ड डिस्कचा होता.

शिवाय दुसरे एक निमित्त होते. आमच्या यंत्रावर विंडोज १० होते, आणि मायक्रोसॉफ्टने त्याची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवणार असे आधीच जाहीर केले होते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा कारभारी. कळफलकावर तुम्ही काय दाबले, कागद कोठे ठेवला, छपाईला काय पाठवायचे, हे सारे तो पाहतो. चोरवाटा बुजवायला त्याला वरचेवर नवी दुरुस्ती लागते, आणि ती बंद झाली की घर हळूहळू उघडे पडू लागते. तेव्हा ठरले असे, की नवी डिस्क आणायची आणि तिच्यावर विंडोज ११ हा नवा कारभारी बसवायचा. दुरुस्तीवाल्याकडे दिवाळीची गर्दी. पण नाशिकचा आमचा भाचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा, सुट्टीला आला होता. "मामा, तासाभराचे काम आहे," असे तो म्हणाला. त्या तासाची ही हकीकत.

कोठीची खोली

हार्ड डिस्क म्हणजे कॉम्प्युटरची कोठीची खोली. फोटो, पत्रे, हिशेब सारे तिथे. आणि कारभाऱ्याचे बिऱ्हाडही तिथेच. जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाहून अधिक होते आणि तिच्यात मावत होती अवघी पन्नास लाख अक्षरे. आज तेवढी जागा मोबाइलमधल्या एखाद-दुसऱ्या फोटोलाच लागते. आमच्या जुन्या डिस्कमध्येही तबकडीच होती, मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी. नव्या तऱ्हेच्या एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, सारा मजकूर चिपांमध्ये राहतो. म्हणून ती वेगवान, आणि म्हणूनच मुकी.

जुनी डिस्क एक टेराबाइटची होती, तेव्हा नवीही तेवढीच घेतली. घरी आणून जोडली, तर कॉम्प्युटर तिची दखलच घेईना. अर्धा तास आम्ही दुकानदाराला मनातल्या मनात नावे ठेवली. मग सापडले, की अशा डिस्कला दोन वायरी लागतात: मजकुराची ये-जा करणारी अरुंद आणि वीज देणारी रुंद. आम्ही पहिली जोडली होती, दुसरी लोंबकळत होती. मनातल्या मनात दुकानदाराची माफी मागितली.

दुसरी वायर जोडताच जुन्या विंडोजने विचारले, की या कोऱ्या डिस्कवर आखणी कोणत्या पद्धतीची करू, एमबीआर की जीपीटी? भाचेबुवा म्हणाले, "जुनीवर एमबीआर आहे, नवीवरही तेच राहू दे." आम्ही एमबीआर निवडले, सगळ्या जागेचा एकच विभाग पाडला, आणि डिस्क चालते अशी खात्री करून झोपलो. या एका 'राहू दे'ने पुढे काय केले ते कळेलच.

तीन अडचणी

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खरे काम काढले. नवे विंडोज बसवायचे तर आधी पेन ड्राइव्हवर त्याचा संच तयार करावा लागतो. निदान आठ गिगाबाइटची पेन ड्राइव्ह पाहिजे. माझ्या टेबलाच्या खणात एक बत्तीसची होती, ती मी मोठ्या तत्परतेने काढून दिली. संच तयार झाला, यंत्र बंद करून पेन ड्राइव्हवरून सुरू केले, आणि पडद्यावर इंग्रजीत स्वच्छ उत्तर मिळाले: या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालणार नाही.

सौभाग्यवती म्हणाल्या, "झाले! आता नवा कॉम्प्युटर घ्या म्हणजे." पण यंत्र नालायक नव्हते. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची एक सोय लागते. ही म्हणजे किल्ल्या जपून ठेवणारी आतली तिजोरी. २०१९ च्या सुमाराच्या पुष्कळ यंत्रांत ती असते, पण कुलूपबंद. यंत्र सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ कळ दाबली की बायॉसचे पान उघडते. तिथे इंटेलच्या यंत्रात ती पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या यंत्रात एफटीपीएम या नावाने सापडते. आम्ही ती चालू केली. त्याच पानावर यंत्र सुरू करण्याची जुनी, 'लेगसी' पद्धत बंद करून यूईएफआय ही नवी पद्धत ठेवली. हे दोन्ही होताच तो नकार नाहीसा झाला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. यंत्र कोठून सुरू करायचे हे विचारणाऱ्या यादीत एकच पेन ड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसते. एकदा नुसती आणि एकदा मागे 'यूईएफआय' लावलेली. दुसरीच निवडायची. पहिली निवडली तर पुढची सारी मांडणी जुन्या पद्धतीने होऊ पाहते.

दुसरी अडचण लगेच आली. विंडोज कोठे बसवू, असे विचारणारी यादी आली आणि नवी डिस्क निवडताच खाली ओळ उमटली, की हिच्यावर एमबीआरची आखणी आहे, आणि यूईएफआय पद्धतीच्या यंत्रावर विंडोज फक्त जीपीटीच्या डिस्कवर बसते. आदल्या रात्रीचे 'राहू दे' आता समोर येऊन उभे राहिले!

एमबीआर काय नि जीपीटी काय, या डिस्कच्या पहिल्या पानावरच्या अनुक्रमणिका आहेत. एमबीआर १९८३ सालची, पीसी-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आलेली. तिच्यात मुख्य विभाग फार तर चार, आणि दोन टेराबाइटच्या पलीकडचा हिशेब तिला येत नाही. जीपीटी नंतरची, विंडोजमध्ये ती १२८ विभागांपर्यंत नोंदी ठेवते, आणि अनुक्रमणिकेची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी राखून ठेवते. पहिले पान फाटले तर शेवटचे आहे! हा शहाणपणा एका यंत्राला सुचावा आणि मला सुचू नये, याची लाज मला त्याच संध्याकाळी वाटायची होती.

शून्य की एक?

भाचेबुवांना अशा वेळचा मंत्र ठाऊक होता. डिस्कपार्ट नावाचा एक कार्यक्रम असतो. त्यात डिस्कचा क्रमांक सांगायचा, 'क्लीन' असा हुकूम द्यायचा, मग 'कन्व्हर्ट जीपीटी', की झाले. त्याने काळा पडदा उघडला आणि यादी मागवली. दोन ओळी आल्या. डिस्क शून्य, ९३१ जीबी. डिस्क एक, ९३१ जीबी.

एक टेराबाइटची डिस्क ९३१ कशी, असे वाचक विचारतील. कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो, आणि विंडोज १,०२४ च्या पटीने. मजकूर तेवढाच, मापे दोन. पण त्या घटकेला आमची अडचण निराळीच होती. दोन्ही ओळी जुळ्या भावांसारख्या होत्या. नवी डिस्क कोरी असती तर तिच्यापुढे मोकळी जागा दिसली असती. पण आदल्या रात्री तिच्यावरही आम्ही विभाग पाडून ठेवला होता.

"डिस्क एक," असे म्हणून भाचेबुवांनी टंकन सुरू केले.

"काय करतोयस रे?" सौभाग्यवतींनी चकल्यांचा डबा खाली ठेवत विचारले.

"नवी डिस्क साफ करतोय, मामी."

"नवी कुठली, हे कशावरून?"

"जुनी आधीपासून होती, म्हणून ती शून्य. नवी मागून आली, म्हणून ती एक."

"आणि तसे नसले तर?"

भाचेबुवांची बोटे थांबली. "तसे नसले तर जुनी जाईल. पण मामांनी कॉपी करून ठेवलीय ना. काय हो मामा?"

"ठेवलीय तर," मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो. "पेन ड्राइव्हवर."

"कुठल्या पेन ड्राइव्हवर?"

मी उत्तर दिले नाही. नुसते बोट दाखवले. ती यंत्राच्या पोटात खोचलेली होती. विंडोजचा संच तयार करताना पेन ड्राइव्ह आधी संपूर्ण पुसली जाते. तशी सूचनाही येते. ती आली होती, आणि मीच 'चालेल' म्हटले होते.

जुन्या डिस्कवर काय होते

आता जुन्या डिस्कवर काय होते ते सांगतो. हिशेब होते, लग्नाकार्यांचे फोटो होते. त्यातले बरेचसे नातेवाइकांकडेही सापडले असते. पण एका कप्प्यात अण्णांचा आवाज होता. २०१९ आणि २०२० साली, दुपारी चहाच्या वेळी, मी त्यांना बोलते करीत असे आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करीत असे. अशी अकरा मुद्रणे झाली, सगळी मिळून सहा तासांची. मोबाइल भरला म्हणून ती कॉम्प्युटरवर उतरवली, आणि पुढे तो मोबाइलही बदलला. २०२१ मध्ये अण्णा गेले.

त्या मुद्रणांत पानशेतच्या पुराची हकीकत आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा अण्णा सतरा वर्षांचे होते आणि आमचे बिऱ्हाड पुण्यात नारायण पेठेत होते. आजीने भांडी उचलली, पाट उचलले, धान्याचा डबा माळ्यावर चढवला. आजोबांच्या वह्या मात्र खालच्या फडताळात राहिल्या. त्यांत घराण्याची टिपणे होती, नावे, साली, कोकणातल्या गावच्या आठवणी. पाणी ओसरल्यावर त्यांचा लगदा निघाला. अण्णा त्या मुद्रणात सांगतात, "भांडी पुन्हा मिळाली रे. वह्या नाही मिळाल्या." ही अकरा मुद्रणे म्हणजे त्या वह्यांतले अण्णांना जेवढे आठवत होते तेवढे, आणि एवढेच आता आमच्यापाशी उरले होते.

आणि मी त्यांची एक प्रत स्वतःच्या हाताने पुसून बसलो होतो, आणि दुसरी 'शून्य की एक' या प्रश्नावर लटकत होती.

घरात कोणी काही बोलले नाही. मग सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढा विचार कशाला हवा? जुनी काढून ठेवा की बाजूला. मग जी उरेल ती नवी."

वाचकहो, या एका वाक्यात या साऱ्या विषयाचे सार आहे. पुढे जे थोडेफार वाचले त्यात मला यापेक्षा मोलाचे काही सापडले नाही.

मग तास लागला तो तास

यंत्र बंद केले. भिंतीवरचे बटण बंद केले. जुन्या डिस्कच्या दोन्ही वायरी काढल्या आणि ती देवघरासमोरच्या चौरंगावर मऊ फडक्यात नेऊन ठेवली. पुन्हा पेन ड्राइव्हवरून सुरुवात केली. या खेपेला यादीत एकच डिस्क होती. मजा अशी, की तो काळ्या पडद्यावरचा मंत्र म्हणावाच लागला नाही. यूईएफआय पद्धतीने सुरू केलेल्या यंत्रात, विंडोजच्याच यादीतून त्या डिस्कवरचे सगळे विभाग पुसून टाकले आणि उरलेली मोकळी जागा निवडून पुढे गेले, की विंडोज जीपीटीची आखणी आपणहून करून घेते.

तिसरी अडचण आली ती किरकोळ. थोड्या वेळाने यंत्र आपोआप बंद होऊन चालू झाले, आणि पाहतो तो पुन्हा पहिलाच पडदा: भाषा निवडा! आमचे चेहरे उतरले. पण बिघडले काहीच नव्हते. पेन ड्राइव्ह तशीच खोचलेली होती, आणि यंत्र पुन्हा तिच्यावरूनच सुरू झाले होते. ती काढून यंत्र परत चालू केले, आणि काम जिथे थांबले होते तिथून पुढे गेले. परवान्याची काळजी होती, तीही मिटली. आमच्या जुन्या विंडोजची रीतसर नोंद झालेली होती, आणि ती नोंद डिस्कशी नव्हे तर यंत्राच्या मुख्य पाटीशी, म्हणजे मदरबोर्डशी बांधलेली असते. म्हणून इंटरनेट जोडताच नवे विंडोज आपोआप मान्य झाले.

रात्री साडेदहाला आम्ही यंत्र बंद करून जुनी डिस्क परत जोडली. जुना कप्पा उघडताना विंडोजने अडवले, की तुम्हाला इथे येण्याची परवानगी नाही. नवा कारभारी जुन्या मालकाला ओळखत नव्हता. 'पुढे चला' असे दाबल्यावर थोडा वेळ घेऊन त्याने दार उघडले. मी पहिले मुद्रण लावले. आधी कपबशीचा आवाज आला, मग अण्णा खाकरले, आणि म्हणाले, "चालू झाले का रे ते तुझे?"

सौभाग्यवती उठून स्वयंपाकघरात गेल्या. भाचेबुवा खिडकीबाहेर पाहत बसले. त्या रात्रीच मी ती अकराही मुद्रणे नव्या डिस्कवर उतरवली आणि मगच अंथरुणाला पाठ टेकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचेबुवांना स्वस्थ बसवेना. त्याच पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून त्याने पुन्हा ती यादी मागवली. आणि या खेपेला 'डिटेल डिस्क' असा हुकूम दिला. या हुकमाने निवडलेल्या डिस्कचे नाव कळते, तिच्यावरचे विभागही कळतात. डिस्क शून्य निघाली नवी. डिस्क एक निघाली जुनी. वायरी कोणत्या खाचेत खोवल्या आहेत यावरही हे क्रमांक ठरतात, घरात आधी कोण आले यावर नव्हे. तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला, आणि मग म्हणाला, "मामी, चहा मी करतो."

हे खरे, की 'क्लीन'ने सगळा मजकूर तत्क्षणी खरवडून निघत नाही. विभागांची नोंद तेवढी पुसली जाते, आणि जाणकाराच्या हाती डिस्क गेली तर पुष्कळसे परत मिळू शकते. पण आम्ही तिथे थांबलो नसतो. तिच्यावर लगेच नवे विंडोज लिहिले असते. आणि ज्यावर नवे लिहिले गेले ते परत येत नाही.

चार गोष्टी पदरी बांधून

तेव्हा ज्यांच्या घरी असा बेत चालला असेल त्यांना माझे एवढेच सांगणे. पहिले, नव्या डिस्कला हात लावण्याआधी जुनीवरच्या मोलाच्या वस्तूंची प्रत काढा आणि ती उघडून, ऐकून, पाहून खात्री करा. दुसरे, प्रत ठेवलेली पेन ड्राइव्ह आणि विंडोजचा संच करायची पेन ड्राइव्ह वेगवेगळ्या ठेवा. एकीला लाल दोरा बांधा. तिसरे, यंत्र सुरू करण्याची पद्धत आणि डिस्कची आखणी यांचे गोत्र जुळले पाहिजे: यूईएफआयला जीपीटी. आणि चौथे, तेच खरे पहिले, नवी डिस्क बसवताना जुनी काढून ठेवा. कोणती कोणती हे ओळखण्याची हुशारी करण्यापेक्षा, चूक करायला जागाच न ठेवणे केव्हाही बरे.

जाणकार मंडळी सांगतात, की मोलाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या जातींच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. पूर आला किंवा आग लागली तर घरातल्या सगळ्या प्रती एकदमच जातात, हे आमच्या घराण्याला १९६१ सालीच कळायला हवे होते.

त्या भाऊबीजेला बहीण नाशिकहून आली. ओवाळणीच्या तबकात मी पाकिटाबरोबर एक छोटी डबी ठेवली. तिला वाटले, कानातले असेल. डबीत पेन ड्राइव्ह होती, लाल दोरा बांधलेली. जेवणे झाल्यावर आम्ही सगळे कॉम्प्युटरपुढे बसलो. यंत्र आता चहाचे आधण ठेवण्याच्या आतच सुरू होते. बहिणीने पानशेतच्या पुराचे मुद्रण लावले, आणि अण्णांचा आवाज ऐकता ऐकता मध्येच थांबवून मला म्हणाली, "दादा, त्या वह्यांत काय काय होते, हे मलाही थोडे आठवते हं. अण्णा मला सांगायचे."

मी मोबाइल काढला आणि बारावे मुद्रण सुरू केले.